मरणोत्तर हाऊसफुल्ल

सोलापुरात पत्ता सांगायचा एक अलिखित नियम आहे. खूण म्हणून चालू असलेली गोष्ट सांगायची नाही. चालू गोष्टीचा काय भरवसा? मोबाइलचं दुकान सांगावं, तर पाहुणा येईपर्यंत तिथं केकचं दुकान निघालेलं असतं आणि पाहुणा केक घेऊन घरी पोचेपर्यंत तिथं पतसंस्था आलेली असते. बंद पडलेली गोष्ट मात्र पुन्हा बंद पडू शकत नाही. त्यामुळं भक्कम पत्ता हवा असेल तर तो मयत वास्तूवरूनच सांगावा, असं आमचे वाडवडील करत आले.

पुण्याहून आलेल्या भाच्याला हे ठाऊक नव्हतं. एसटी स्टँडवरून त्याचा फोन आला, "मामा, तुम्ही सांगितलेली टॉकीज नकाशात 'कायमची बंद' दाखवतंय."

"बरोबर दाखवतंय. तिथंच उतर."

"अहो, पण बंद आहे."

"म्हणूनच तिथं उतर म्हणलालो बे. चालू असती तर गर्दीत सापडला असतास का तू मला?"

त्याला घेऊन आलेला रिक्षावाला पंचविशीतला. त्या टॉकीजचा पडदा उजळलेला त्यानं जन्मात पाहिला नसेल. तरी नकाशाकडं ढुंकूनही न बघता त्यानं भाच्याला नेमकं दारात आणून सोडलं, आणि वर माहिती पुरवली, "लई भारी टॉकीज होती सर. तशी आता हुणार नाही." न पाहिलेल्या गोष्टीबद्दल इतक्या खात्रीनं बोलणारी माणसं एकतर इतिहासकार असतात, नाहीतर सोलापूरकर.

ही सवय आम्हाला गिरण्यांनी लावली. 1877 साली इथं सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल सुरू झाली, मोरारजी गोकुळदासांची. मागून नरसिंग गिरजी आली, लक्ष्मी आली, विष्णू आली, जाम मिल आली, आणि पहिली आपोआप 'जुनी मिल' झाली. ती बंद पडूनही अर्धशतक उलटलं. पण 'जुनी मिल कंपाउंड' म्हटलं की आजही रिक्षा बरोबर वळते. भोंगा गेला, पगार गेला, पत्ता राहिला. पुढं 15 जून 2023 रोजी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानांना अडचण होते म्हणून पाडली, तेव्हा लोक मोबाइल वर धरून उभे होते. काही सेकंदांचाच खेळ, पण इतकी गर्दी शहरातल्या कुठल्याही पडद्यानं बऱ्याच दिवसांत बघितली नव्हती. एखादी गोष्ट पडायला लागली की आमचं तिच्याकडं लक्ष जातं, आणि पडून गेली की प्रेम बसतं.

आता टॉकीजचं बघा. जिवंतपणी तिला आम्ही कसं वागवलं? पान खाऊन जिन्याचा कोपरा रंगवला. खुर्चीचं रेक्झिन ब्लेडनं फाडून आत काय आहे ते तपासलं. आत काथ्या निघाला, तरी दर आठवड्याला नव्या आशेनं पुन्हा तपासलं. रिळ तुटलं की शिट्ट्या, वीज गेली की शिव्या, आणि पिक्चर चांगला निघाला तर श्रेय हिरोला. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढं गेला की अख्खी पेठ मॅटिनीला आत शिरायची. दारावर 'एअर कूल्ड' लिहिलेलं असे. ते यंत्र मुख्यतः आवाज काढायचं आणि गारवा लोकांनी आपापल्या मनानं मानून घ्यायचा. रात्रपाळी करून आलेला कामगार तिकीट काढून पहिल्या पाच मिनिटांत झोपायचा. तीन तासांनी टॉर्चवाला त्याला हलवून उठवायचा, तेव्हा तो विचारायचा, "मेला का?" उत्तर नेहमी 'हो' असायचं, कारण व्हिलन मरायचाच. समाधानानं तो घरी जायचा. पिक्चरचं याहून अचूक परीक्षण मी वर्तमानपत्रात वाचलेलं नाही.

आणि प्रेक्षक तरी किती भाषांचा! विणकामासाठी तेलंगणातून आलेला पद्मशाली समाज इथं पिढ्यानपिढ्या राहिलेला, अक्कलकोटकडून कानडी आलेली, दखनी तर घरचीच, आणि या सगळ्यांशी भांडायला मराठी. त्यामुळं हिंदी पिक्चर हा तडजोडीचा मार्ग होता. तो कुणालाच पूर्ण कळायचा नाही, म्हणून कुणावर अन्यायही व्हायचा नाही. तेलुगू पिक्चर लागला की पद्मशाल्यांच्या पूर्व भागातली पोरं पडद्यावरच्या माणसाच्या आधी डायलॉग म्हणून टाकत आणि शेजारी बसलेल्या मराठी माणसाला भाषांतर पुरवत. भाषांतर मूळ डायलॉगपेक्षा लांब असे, त्यामुळं हाणामारी संपली तरी त्याचं कारण अजून सांगून व्हायचं असे.

भागवतांच्या आवारात तर छाया मंदिर, कला मंदिर, उमा मंदिर अशी थिएटरं एकमेकांना खेटून. 1997 साली दिल्लीत साकेतला 'अनुपम'चं चार पडद्यांचं मल्टिप्लेक्स झालं आणि देशभर त्याचा गाजावाजा झाला, तेव्हा सोलापूरकरांना त्यात नवं काय ते कळेना. एका आवारात अनेक पडदे हा आमच्याकडं रोजचा प्रकार होता. घरी देवाच्या पिक्चरला जातो म्हणून सांगून निघालेला माणूस तिकीट संपलं म्हणून शेजारच्या दारातून आत जायचा आणि डाकूचा पिक्चर बघून परत यायचा. घरी विचारलं की सांगायचा, "शेवटी देवळात आरती होती." ती डाकूच्या पिक्चरमध्येही असायचीच, त्यामुळं खोटं बोलल्याचं पाप लागत नसे.

या सगळ्याच्या डोक्यावर, भिंतीतल्या दोन चौकोनी भोकांमागं, ऑपरेटर. प्रोजेक्टर दोन असत. एकावरचं रिळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकून जायचा. तो ऑपरेटरसाठी असे. तो दिसला की दुसरा प्रोजेक्टर सुरू करायचा, आणि दुसरा ठिपका दिसला की पडदा त्याच्या ताब्यात द्यायचा. आत तांब्याचा मुलामा दिलेल्या कार्बनच्या कांड्या जळत, त्यांची टोकं झिजली की माणूस हातानं जवळ आणायचा. तो चहाला गेला की हिरॉइन आधी पिवळी पडायची आणि मग काळी. कधी एकच प्रिंट दोन थिएटरांत चालायची आणि सायकलवरून रिळं इकडून तिकडं जायची. सायकल पंक्चर झाली की हिरो कड्यावर लोंबकळत राहायचा. एकदा आमच्या पेठेत रिळं उलटसुलट लागली. व्हिलन मेला, त्याला जाळला, आणि दहा मिनिटांनी तो हिरॉइनच्या बापाला धमकी द्यायला हजर. प्रेक्षकांतून एकानंही तक्रार केली नाही. पुनर्जन्मावरचा पिक्चर आहे अशी समजूत करून घेऊन सगळे बसून राहिले.

ती समजूत आता टॉकीजच्याच कामी आली आहे. कारण टॉकीज मेली की तिचा पुनर्जन्म होतो, आणि कुठल्या योनीत होतो हे गावागावाच्या कर्मावर अवलंबून असतं.

पुण्याच्या कर्मात वाहनतळ होता. मंडईजवळचं आर्यन थिएटर 1915 सालचं, गंगाधरपंत पाठकांनी काढलेलं, शहरातलं पहिलं पक्क्या बांधणीचं चित्रपटगृह. जवळच मिनर्व्हा. आज दोन्ही जागांवर वाहनतळ आहेत, आणि वाहनतळांना महापालिकेनं थोरामोठ्यांची नावं दिली तरी पुणेकर 'आर्यनला गाडी लाव' असंच म्हणतो. जिथं माणसं चालत येऊन बसायची तिथं आता गाड्या बसतात आणि माणसं पायी हिंडतात. 'हाऊसफुल्ल'ची पाटी मात्र तेव्हापेक्षा जास्त वेळा लागते. दारावरचा माणूसही त्याच जुन्या तोऱ्यात हात हलवून सांगतो, "जागा नाही, पुढं चला." नावाच्या बाबतीत पुणेकर हट्टी, हे 'प्रभात'नंही सिद्ध केलं. थिएटर किबे यांचं. 2014 च्या अखेरीस भाडेकरार संपून ते परत मूळ मालकांकडं गेलं आणि 'किबे लक्ष्मी' झालं. तरी लोक 'प्रभात'लाच जातात आणि तिकीट 'किबे लक्ष्मी'चं काढतात.

सोलापूर परिसरात सर्वाधिक लाभलेली योनी मंगल कार्यालयाची. हिशेब सोपा दिसतो. छप्पर मोठं, खुर्च्या आहेत, पंखे आहेत, तिकीटखिडकीत आहेर नोंदवायला माणूस बसवता येतो. एकच गोष्ट कुणी लक्षात घेत नाही. थिएटरची जमीन उतरती असते. मागच्याला पुढच्याच्या डोक्यावरून दिसावं म्हणून ती पडद्याकडं उतरत नेलेली असते, आणि मालक ती सपाट करायचा खर्च 'पुढच्या सीझनला' ढकलतो. त्यामुळं अशा कार्यालयातल्या पंगतीला एक दिशा असते. आमटी वाढली की ती उताराला लागते. वरच्या बाजूला बसलेला वरपक्ष कोरडा भात खातो आणि खालच्या बाजूच्या वधूपक्षाची पानं पोहत असतात. एका लग्नात यावरून रुसवाही झाला. शेवटी एका वयस्कर गृहस्थांनी मध्यस्थी केली, "अहो, ही जुनी टॉकीज आहे. इथं पहिल्यापासून पुढच्या रांगेलाच मजा." दोन्ही पक्षांना हे पटलं, कारण दोघांनीही तरुणपणी पुढच्याच रांगेतून पिक्चर बघितले होते.

दुसरी योनी गोदामाची. सोलापुरी चादरीला 2005 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण चादरी-टॉवेलांच्या गठ्ठ्यांना राहायला जागा लागतेच, आणि खिडक्या नसलेली, ऊन न लागणारी इमारत टॉकीजइतकी दुसरी कुठली मिळणार? अशा एका गोदामात मी गेलो होतो. बाल्कनीत टॉवेल, फर्स्टला नॅपकिन, थर्डला बेडशीट. मालानंही जुनी वर्गव्यवस्था पाळलेली बघून बरं वाटलं. हमालाला विचारलं, "महाग माल वर ठेवता होय?" तो म्हणाला, "वर ढेकूण कमी." म्हणजे ढेकणांनीही आपापले दर सांभाळले होते.

तिसरी योनी अधांतरी, म्हणजे भुताची. आत्मा मरत नाही हे नगररचना खात्यानं केव्हाच मान्य केलंय. चित्रपटगृहाच्या जागेवर दुसरं काही बांधायचं असेल तर नव्या इमारतीत लहानसं का होईना, चित्रपटगृह ठेवा, असं आपली विकास नियमावली सांगते. ही अट काढा म्हणून थिएटरमालक वर्षानुवर्षं मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवतायत. परिणाम असा की कित्येक टॉकीज धड चालतही नाहीत आणि धड पडतही नाहीत. गवत वाढतं, पोस्टरच्या चौकटीत कबुतरं राहतात, मालकाची मुलं मुंबईत आणि नातवंडं परदेशात. इकडं खटला चालतो. तारखा पडतात त्या टॉकीजच्या हयातीतल्या खेळांपेक्षा जास्त असतील, आणि खटल्याला इंटर्वल जास्त मिळतात.

क्वचित कुठं मोक्षाच्या वाटेवरून परत आलेलेही भेटतात. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस 1993 साली बंद पडलं आणि 2016 साली झगमगत उघडलं. चर्चगेटचं इरॉस बंद पडून 2024 साली आयमॅक्सचा पडदा घेऊन पुन्हा उभं राहिलं. पण ती मुंबई. तिथं मेलेल्याला उठवण्याइतका पैसा असतो. आमच्याकडं जिवंताला दोन वेळा पोसताना दमछाक.

सरकारनंही आपल्या परीनं उपचार केले. करमणूक कराचा मुंबई कायदा 1923 सालचा. लोकांच्या हसण्या-रडण्यावर जवळजवळ शतकभर वसुली केल्यावर 1 जुलै 2017 पासून जीएसटी आला. सप्टेंबर 2025 पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर तो पाच टक्के आणि त्यावरच्या तिकिटावर अठरा. गरिबाच्या टॉकीजला दिलासा, असं सगळ्यांनी म्हटलं. आमच्या पेठेतल्या टॉकीजलाही तो दिलासा नक्की पोचला असता, पण तोवर तिच्या बुकिंग ऑफिसात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आलं होतं, आणि स्क्रीन बदलण्यावर अठरा टक्केच लागतात.

या सगळ्यांत गंमतीचा असतो तो अंत्यविधी. टॉकीज बंद होणार अशी बातमी आली की वीस वर्षं तिकडं न फिरकलेले लोक शेवटच्या खेळाला कुटुंबासह हजर. सेल्फी, हुंदके, फेसबुकवर लांबच लांब मजकूर. एका अशा शेवटच्या खेळाला दारावरचे म्हातारे काका गर्दी आवरत होते. एक बाई डोळे पुसत त्यांना म्हणाल्या, "काका, फार वाईट झालं हो." काका म्हणाले, "ताई, एवढी माणसं दर शुक्रवारी आली असती तर वाईट कशाला झालं असतं?" बाईंनी तो प्रश्न तिथंच ठेवला आणि काकांबरोबर फोटो काढून घेतला.

नंतर सुरू होतो आठवणींचा ग्रुप. त्यात प्रत्येकानं 'शोले' फर्स्ट डे फर्स्ट शो बघितलेला असतो. 15 ऑगस्ट 1975 ला जे अजून जन्मलेही नव्हते त्यांनीही. पाच वर्षं ज्या मुंबईच्या मिनर्व्हात तो चालला ते थिएटरसुद्धा आज नाही, पण त्याचा पहिला खेळ पाहणारे दरवर्षी वाढतायत. 'जय संतोषी माँ'ला दाराबाहेर चपला काढून आत गेल्याचं सगळे सांगतात. बाहेर आल्यावर त्या चपलांचं काय झालं, हे कुणी सांगत नाही. तीन रुपयांची बाल्कनी आठवते, ढेकूण आठवत नाहीत. पडद्यावर उधळलेली नाणी आठवतात, ती मागून वेचणारी आपणच होतो हे आठवत नाही. नाणी म्हटल्यावर 'सैराट' आठवतो. 29 एप्रिल 2016. नागराज मंजुळे म्हणजे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, कथा करमाळ्याच्याच मातीतली. जिल्ह्यानं तो घरचं कार्य समजून साजरा केला. गाणं लागलं की लोक खुर्च्यांवर चढत. पडायला आलेल्या थिएटरांना त्या उन्हाळ्यात बाळसं चढलं आणि मालकांना वाटलं, दिवस फिरले. दिवस खरोखर फिरले आणि फिरून जिथं होते तिथं आले.

मला यात दुष्टपणा दिसत नाही. आम्हा लोकांना जिवंत गोष्टीवर प्रेम करायला वेळ नसतो, एवढंच. जिवंत गोष्टीला तिकीट काढावं लागतं. वेळेवर जावं लागतं. पिक्चर टुकार निघाला तर सोसावा लागतो. बंद पडलेल्या टॉकीजमध्ये मात्र कायम आपल्या आवडीचाच पिक्चर लागलेला असतो, आपल्याच वयात, कोपऱ्यातल्या सीटवर, आणि तोही फुकट. मग चालू टॉकीजनं त्याच्याशी स्पर्धा करायची तरी कशी?

मल्टिप्लेक्सच्या नशिबी हे मरणोत्तर वैभव नाही, याचं मला वाईट वाटतं. ते मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर जन्मतं आणि तिथंच बंद होतं. रस्त्याकडं त्याला तोंडच नाही. उद्या कुणी रिक्षात बसून 'स्क्रीन नंबर तीनजवळ सोडा' म्हणेल का? गेंट्याल टॉकीज म्हटलं की एक अख्खा परिसर डोळ्यांपुढं येतो. अडीचशे रुपयांचे पॉपकॉर्न विकणाऱ्याला एवढं साधलेलं नाही.

आमच्या पेठेतल्या त्या टॉकीजसमोर भज्यांची गाडी आहे. टॉकीज होती तेव्हापासून तीच जागा, तीच कढई आणि बहुधा तेच तेल. पूर्वी तीन खेळांच्या तीन इंटर्वलला तिथं दहा-दहा मिनिटांची झुंबड उडायची. घंटा वाजली की अर्धी भजी तोंडात कोंबून लोक आत पळायचे, आणि पैसे द्यायचे राहूनच जायचं. टॉकीज बंद पडली तेव्हा मला वाटलं, आता ही गाडीही गेली. गाडी गेली नाही. उलट संध्याकाळी बाकडं कमी पडतं. भाच्याला घेऊन गेलो होतो; त्यानं नकाशात बघितलं तर गाडी 'चालू' होती आणि तिचा पत्ता 'टॉकीजसमोर' असा होता. मालकाला म्हटलं, "काय हो, टॉकीज गेल्यावर धंदा बसेल असं वाटलं होतं."

झारा कढईवर आपटत तो म्हणाला, "मला बी वाटलंतं. पण आता बराय की सर. इंटर्वल संपतच नाही."